तीव्र कुपोषणावरील स्थानिक संशोधन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असले किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते बालक ‘सॅम’ म्हणजे अतितीव्र कुपोषित ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १०.९ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने अतिशय कमी आढळले.

गैरसमज : सॅम बालकाला रुग्णालयात ठेवावेच लागते.
वस्तुस्थिती : भूक चांगली असलेल्या आणि आजार किंवा सूज नसलेल्या बालकावर गावातच उपचार करता येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००७ मध्ये याच पद्धतीची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यासाठी अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालवले जाते. गुंतागुंत असलेल्या बालकाला मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते.

गैरसमज : उपचार ठरलेला आहे, मग संशोधन कशाला?
वस्तुस्थिती : दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूतील ९०६ बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांत स्थानिक पातळीवर तयार केलेल्या उपचारात्मक आहाराने ५६.९ टक्के, कारखान्यात बनवलेल्या आहाराने ४७.५ टक्के आणि घरच्या पौष्टिक अन्नाने ४२.८ टक्के बालके बरी झाली. अभ्यासाच्या अखेरीस मात्र उंचीच्या मानाने योग्य वजन असलेल्या बालकांचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच होते. मिळवलेले वजन टिकते कसे, याचे उत्तर त्या त्या भागातच शोधावे लागते. उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात आई दिवसभर बाहेर असते. त्या काळात देवरी, सालेकसा तालुक्यांतील बालकाला दिवसातून अनेकदा कोण भरवणार, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

गैरसमज : असे संशोधन महानगरांतच होऊ शकते.
वस्तुस्थिती : गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित महिलांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देऊन नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटवला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा आधार पुढे नवजात बालसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने घेतला. गोंदियातही २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; त्यामुळे असे संशोधन तिथेही होऊ शकते.

गैरसमज : संशोधनाचा पैसा बालकांच्या घासातून जातो.
वस्तुस्थिती : पोषण आहाराची तरतूद वेगळी असते. संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद अनुदान देते. कंपनी कायदा, २०१३ नुसार कुपोषण निर्मूलन हे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचे मान्य क्षेत्र आहे. हा निधी अचूक वजनकाटे, अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण आणि गृहभेटींवर खर्च करता येतो. बरे झालेले बालक पुन्हा कुपोषित होऊ शकते, म्हणून उपचार संपल्यानंतरच्या पाठपुराव्याचा खर्चही मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.