‘आपल्याकडे असले लोक नाहीत’

सोलापुरात प्राइडचा, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या अभिमान पदयात्रेचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला: हे पुण्या-मुंबईचं खूळ, आपल्याकडे असले लोक नाहीत. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. एवढ्या वस्तीत समलिंगी माणसं नसणं शक्यच नाही. ती दिसत नाहीत, कारण इथे ओळख लपत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये शेजारचा प्रवासी अनोळखी असतो. इथे नवी पेठेत भेटलेला माणूस मामांचा मित्र, नाहीतर बहिणीच्या सासरचा निघतो. मग शिक्षणाचं, नोकरीचं निमित्त करून कितीतरी मुलं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठतात, आणि मागे शहर म्हणतं, आमच्यात असं कोणी नाही.

‘नुसता दिखाऊपणा’ हा दुसरा आरोप. भारतातली पहिली अशी पदयात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली, तेव्हा जेमतेम पंधरा जण होते. पुण्यात ती २०११मध्ये निघाली. या यात्रांत अनेक जण मुखवटे लावून चालत आले आहेत. तो मुखवटा जवळून पाहावा: डोळ्यांपुरती दोन भोकं, बाकी चेहरा झाकलेला. मिरवायला आलेला माणूस तोंड लपवत नाही. घरच्यांना कळेल, घरमालक खोली सोडायला सांगेल, ही धास्ती त्याच्यामागे असते.

हे परदेशातून आलं, असंही म्हणतात. प्राइडचा इंद्रधनुषी झेंडा बाहेरून आला, हे खरंच, माणसं नाही. उलट त्यांना गुन्हेगार ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतलं. यल्लम्मा देवीचे स्त्रीवेशातले जोगते तर या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. परडी घेऊन दारात आलेल्या जोगत्याला जोगवा वाढायचा, पाया पडायचं, आणि त्यालाच भाड्याने खोली मात्र द्यायची नाही, ही रीत मला अन्यायाची वाटते.

‘कायद्याने सगळं मिळालं, आता रस्त्यावर कशाला?’ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, इतकंच. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने विवाहाला मान्यता नाकारली. समलैंगिकतेवर ‘उपचार’ करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, तरी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला घरोघरी चालूच आहे. त्यात एका परक्या मुलीचं आयुष्यही अडकतं, याचा विचार सल्ला देणारे करत नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप: इथला समाज स्वीकारणार नाही. याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७मध्ये माउली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. मतदान गुप्त होतं. आणि ते गाव सोलापूरच्या एखाद्या पेठेएवढंसुद्धा नाही.