चाकांवरचं घर (भाग ७) : शेगडीच्या आधी बॅटरी

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी रेल्वे डब्याला आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. बेकायदा चढवलेला गॅस सिलिंडर हे आगीचं कारण असल्याचं रेल्वेनं सांगितलं. कॅराव्हॅन म्हणजे त्याहूनही लहान डबा. एक-दोन दारं, गाद्या, पडदे, लाकडी कपाटं. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळला की पायाशी साचतो. बाहेर उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात सिलिंडर ठेवून गॅस वापरता येतो, हे खरं. तरीही बंगळुरूत व्हॅन बांधून घेणाऱ्या कुटुंबाला मी इंडक्शनच सुचवीन. अट एकच, आधी बॅटरीचा हिशेब करायचा.

शेगडीवर २००० वॅट लिहिलेलं पाहून माणूस घाबरतो. पण वॅट हा नुसता वेग झाला. बॅटरीतून खर्च होतात ती युनिटं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, म्हणून इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून तिथवर न्यायला, वाया जाणारी वीज धरून, साधारण ०.११ युनिट लागतं. आता चौघांचा दिवस मांडा. दोनदा चहा, सकाळी पोहे, दुपारी कुकर आणि भाजी, रात्री पिठलं-भात. माझ्या अंदाजानं सव्वा ते दीड युनिटात भागतं. भाकऱ्या केल्यात तर थोडं जास्त, कारण तवा बराच वेळ तापता ठेवावा लागतो.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे १.२८ युनिट साठवते. त्यातलं एक युनिट हक्काचं धरा. म्हणजे स्वयंपाकासाठीच अशा दोन लागतील. पंखे, दिवे, फ्रिज वेगळे. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवण्याचा मोह मात्र टाळा. ती पन्नास किलोहून जड असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि एकदम मोठा प्रवाह ओढला तर कागदावरच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी वीज देते.

खरी गोम तारेत आहे. २००० वॅटची शेगडी पूर्ण चालवली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७० अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. घरात गिझरच्या मोठ्या सॉकेटलाही आपण १६ अँपिअर म्हणतो, त्यावरून अंदाज घ्या. एखादा जोड सैल राहिला तर तो तापून वितळतो. तीच बॅटरी ४८ व्होल्टची केली की प्रवाह चौथा हिस्सा होतो आणि त्याच तारेतली उष्णता सोळावा हिस्सा. नवी व्हॅन बांधत असाल तर मी २४ किंवा ४८ व्होल्टचाच आग्रह धरीन. फ्यूज बॅटरीला अगदी लगटून हवा आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अनेक स्वस्त शेगड्या ३०० वॅटवर ठेवल्या तरी प्रत्यक्षात सलग ३०० वॅट घेत नाहीत. हजारेक वॅटवर काही सेकंद चालतात, मग थांबतात, पुन्हा चालतात. मंद आचेवर दूध ठेवलंय म्हणून लहान इन्व्हर्टर पुरेल, हा हिशेब तिथेच फसतो.

वीज भरून काढायला प्रवास मदतीला येतो. इंजिनाच्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जरनं ४०० वॅट मिळाले, तर बंगळुरू ते हुबळी या सात-आठ तासांच्या वाटेत अडीच-तीन युनिटं जमतात. बेळगाव, कोल्हापूरकडे जाणाऱ्या मराठी घरांचा हा नेहमीचाच रस्ता. मुक्काम लांबला तर छपरावरचं ४०० वॅटचं सौर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला दीडेक युनिट देतं. झाडाच्या सावलीत आणि श्रावणात त्यावर विसंबू नका.

भांड्यांसाठी चुंबक खिशात ठेवा. बुडाला चिकटला तर भांडं चालतं. हिंडालियमची कढई आणि पितळेचं पातेलं घरीच राहू द्या. लोखंडी तवा उत्तम, मात्र बूड सपाट हवं. ज्वाळेवर टम्म फुगणारा फुलका मिळणार नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवा. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद करून कुकर गोधडीत गुंडाळून ठेवा, डाळ आतल्या उष्णतेवर शिजते. आजीची ही रीत बॅटरीलाही मानवते.

काहीही विकत घेण्याआधी साधा प्लगचा वॅटमीटर आणा. घरच्या इंडक्शनवर चार दिवस पूर्ण स्वयंपाक करा आणि रोजची युनिटं वहीत लिहा. व्हॅन बांधणाऱ्याकडे जाताना ती वही सोबत न्या.