मिनोच्या वाटेवर बाहुल्यांची सहल

ओसाका, नोव्हेंबरअखेर

ओसाकाच्या उमेदा स्टेशनावरून हांक्यूच्या गाडीनं निघालं की अर्ध्या तासात मिनो येतं. तिथून ओढ्याच्या काठानं धबधब्यापर्यंत जेमतेम तीन किलोमीटरची वाट आहे. धबधबा 33 मीटरचा, म्हणजे काही फार मोठा नव्हे. तरी या दिवसांत वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. माणसं पानं बघायला येतात. फुलं नाहीत, फळं नाहीत, देवदर्शनही नाही, नुसती पानं. आणि त्या गर्दीत एखादी चाळिशीतली बाई किंवा टाय लावणाऱ्या नोकरीतला वाटावा असा गृहस्थ ओल्या दगडावर चक्क आडवा होऊन बाहुलीचे फोटो काढत असतो.

मोताळ्याच्या वाचकांना आधी पानांचं सांगायला हवं. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. राजूर घाटातला साग तेव्हा बोडका होतो आणि उन्हं तापायला लागतात. इथली पानगळ थंडीच्या तोंडावर येते. रात्री गारठल्या की मेपलच्या पानातलं हरितद्रव्य मोडत जातं, साखर पानातच अडकते आणि लाल रंग तयार होतो. ही लाली सप्टेंबरात उत्तरेच्या होक्काइदोत सुरू होऊन डिसेंबरापर्यंत दक्षिणेला क्यूशूत उतरते. आपल्याकडे मोसमी पाऊस कुठवर पोचला हे जसं सांगतात, तसं इथे रोज पानं कुठवर लाल झाली ते सांगतात. मिनोत तर ही पानं खातातही. वर्षभर मिठात मुरवलेलं पान, वर तिळाचं गोडसर पीठ, आणि तेलात तळण. पानाला स्वतःची चव शून्य. कुरकुरीत आवरणासाठी माणसं रांग लावतात.

आता बाहुल्यांकडे येतो. या खेळण्यातल्या बाहुल्या नव्हेत. क्योतोच्या व्होक्स या कंपनीनं 1999 मध्ये ‘सुपर डॉल्फी’ नावाची बाहुली बाजारात आणली. उंची साधारण 60 सेंटीमीटर, अंग रेझिनचं, गुडघे-कोपरं गोल सांध्यांची आणि आतून ताणलेल्या इलॅस्टिकवर सगळं शरीर उभं. वऱ्हाडात महालक्ष्म्या बसवताना मुखवटा वेगळा, धड वेगळं आणि साडी-दागिने घरच्या हौसेचे, तसाच हा प्रकार. टोप बदला, काचेचे डोळे बदला, चेहरा नव्यानं रंगवून घ्या. एका मोठ्या बाहुलीला लाखभर येन सहज लागतात, म्हणजे आपले पन्नास-साठ हजार रुपये. कपडे त्यावर. त्यामुळे लेकरांच्या हातात ती कुणी देत नाही.

धबधब्याच्या अलीकडे एका वळणावर अशाच एक बाई भेटल्या. बाहुलीला गर्द निळा किमोनो, पाठीवर आवळलेला पट्टा. कठड्यावर तिला बसवून त्यांनी तिच्या तळहाताला चिकटमातीचा कण लावला आणि त्यावर खाली पडलेलं एक पान टेकवलं. झाडाचं पान तोडायचं नाही, हा इथला अलिखित नियम. मग मऊ ब्रशनं टोपावरची धूळ झटकली, हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरला आणि बाहुलीची मान तसूभर वर केली.

“आभाळाचा उजेड डोळ्यांत पडला पाहिजे. नाही तर काच ती काचच राहते,” त्या म्हणाल्या.

मागे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत थांबले होते. फोटो निघेपर्यंत ते थांबले, किंचित झुकले आणि पुढे गेले. बाहुलीकडे त्यांनी एक नजरही टाकली नाही.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. बाहुलीचं तोंड मोसंबीएवढं. कॅमेरा जवळ नेला की एक डोळा स्पष्ट येतो आणि दुसरा धूसर. वारा आला की साठ सेंटीमीटरचं हे लेकरू तोंडावर आपटतं. फार वेळ उन्हात ठेवलं तर रेझिन पिवळं पडतं, म्हणून ढगाळ दिवस सगळ्यांच्या पसंतीचा. मिनोत माकडं आहेत ती निराळीच. त्यांना खाऊ घालायला शहराच्या नियमानं बंदी आहे, पण माकडांना नियम कोण सांगणार? बाहुलीवाले त्यांच्याकडे एक डोळा ठेवूनच पिशवी उघडतात.

शिस्त मात्र कडक. वाट अडवायची नाही. तिपाईला बऱ्याच बागांत नि देवळांत मज्जाव असतो. चौकटीत अनोळखी माणसाचा चेहरा येऊ द्यायचा नाही. दुसऱ्याच्या बाहुलीला हात लावायचा नाही, आणि तिचा फोटो हवा असेल तर आधी विचारायचं. गर्दीचा वैताग नको म्हणून सोयही आहे: व्होक्सचीच क्योतोच्या सागा-अराशियामा भागात जपानी बागेसह एक वास्तू आहे, ‘तेन्शी नो सातो’, देवदूतांचं गाव. मालक आपापल्या बाहुल्या घेऊन तिथे जातात. मला मात्र ओढ्याकाठचे फोटो जास्त आवडले. त्या बागेत सगळंच बाहुलीच्या सोयीचं असतं. मिनोत बाहुलीला जगाशी जमवून घ्यावं लागतं.

फोटोमुळे बाहुलीचं नशीब पालटल्याचं एक उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लाइथ ही मोठ्या डोक्याची अमेरिकन बाहुली 1972 मध्ये केनर कंपनीनं काढली. दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलायचा, चार रंगांत. पोरी घाबरल्या म्हणतात; वर्षभरात ती दुकानांतून गेली. पुढे जीना गारन या न्यूयॉर्कच्या बाईंनी जुनी ब्लाइथ सोबत घेऊन गावोगाव तिचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक 2000 साली आलं, जपानच्या पार्को दुकानांच्या जाहिरातीत ती बाहुली झळकली आणि 2001 मध्ये ताकारानं ती नव्यानं बनवायला घेतली. लेकरांनी नाकारलेली बाहुली मोठ्या माणसांनी डोक्यावर घेतली.

यावर आपल्याकडे एक शेरा हमखास निघेल: एकटी माणसं, दुसरं काय करणार! आकडा तसा आहेही. 2020 च्या जनगणनेत जपानातली 38 टक्के कुटुंबं एका माणसाची निघाली. पण मिनोच्या वाटेवर मला जोडपी भेटली, मैत्रिणींची टोळकी भेटली, आईची बाहुली सांभाळणारा कंटाळलेला मुलगाही भेटला. बाहुली बरोबर नसती तर यातली निम्मी माणसं पानांकडे एवढं निरखून बघायला थांबलीच नसती, असं माझं मत झालं आहे. तासभर एकाच फांदीखाली कोण बसतं?

शिवाय मोठ्या माणसांनी बाहुली जपणं इथे काल-परवाचं नाही. क्योतोच्या होक्योजी या बौद्ध भिक्षुणींच्या मठात राजघराण्यातल्या मुली राहत आणि राजवाड्यातून त्यांना बाहुल्या येत. तो साठा आजही तिथे आहे. दर 14 ऑक्टोबरला तिथे जुन्या बाहुल्यांसाठी विधी होतो. बाहुली कचऱ्यात टाकायची नाही, मंत्र म्हणून निरोप द्यायचा.

त्या निळ्या किमोनोवाल्या बाईंना मी भुलाबाईबद्दल सांगितलं. भाद्रपदी पौर्णिमेला मातीचे भुलोबा-भुलाबाई येतात, महिनाभर पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, झाकलेली खिरापत ओळखतात आणि कोजागिरीला ज्वारीच्या ताटांचा मांडव घालून तिची पाठवणी करतात. पौर्णिमेचं ऐकून त्या खुलल्या, कारण इथली चंद्र बघायची शरदातली रात्रही त्याच सुमाराची असते. 2023 मध्ये ती भाद्रपदी पौर्णिमेला आली, 2025 मध्ये कोजागिरीला. मग त्यांनी भुलाबाईचा फोटो मागितला. मोबाइलमध्ये होता, बहिणीनं मोताळ्याहून पाठवलेला. त्यात पंधराएक पोरी दाटीवाटीनं उभ्या, दोघींचे डोळे मिटलेले, आणि भुलाबाई कुठेतरी मागे, कुणाच्या तरी कोपराआड. बाईंनी तो मोठा करून करून भुलाबाई शोधली.

मग त्यांनी आपले फोटो दाखवले. शेकडो होते, एकाहून एक देखणे. त्यांचा स्वतःचा एकही नव्हता. एकात बाहुलीच्या पाठीमागे आधाराला धरलेली दोन बोटं आली होती. “हा पुसायचा राहिला,” म्हणून त्यांनी तो तिथल्या तिथे पुसला.