‘आधी इंग्रजी तर नीट येऊ दे’

असोद्यातल्या, भुसावळच्या किंवा जळगाव शहरातल्या एखाद्या मुलीने फ्रेंच शिकायचं नाव काढलं, की घरातून आणि कॉलेजातून एकच वाक्य कानावर येतं: आधी इंग्रजी तर नीट येऊ दे. त्याच्या मागोमाग दुसरं येतं, जरा हसत: आपल्या गावठी जिभेला ती नाजूक भाषा कशी पेलायची? ही दोन वाक्यं मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहेत की आता ती ऐकून घेण्याचा धीर उरलेला नाही. पहिल्यात निदान अर्धं सत्य आहे. दुसऱ्यात तेवढंही नाही.

अर्ध्या सत्याला न्याय आधी देऊ. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं तिथल्या दरबारात आणि कचेऱ्यांत फ्रेंचचा वरचष्मा राहिला. त्यामुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा भरणा आहे आणि इंग्रजी येणाऱ्याला फ्रेंच वर्तमानपत्राचा मथळा थोडाफार उमगतो. पण हा फायदा वाचण्यापुरता. बोलायला तोंड उघडलं की तोच अंगाशी येतो. ‘लिब्रेरी’ ऐकून आपण वाचनालयात जायला निघतो, ते असतं पुस्तकांचं दुकान. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘सध्या’. इंग्रजीवरून अर्थ लावणारा त्याला ‘खरं तर’ समजतो आणि पुढचं सगळं बोलणं भरकटतं.

उच्चारांत तर इंग्रजीची मदत कमी, अडचणच जास्त. फ्रेंचमधले त आणि द दातांवर जीभ टेकवून म्हणतात, आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’सारखे. लंडनच्या माणसाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपल्याला ती पाळण्यापासून आहे. पण शाळेने ‘टी म्हणजे ट, डी म्हणजे ड’ हे इतकं घोटून घेतलेलं असतं की फ्रेंच पान समोर आलं की मराठी मुलगी हातातला त टाकून देते आणि ‘तु’च्या जागी ‘टू’ म्हणते. नाकातले स्वर अवघड म्हणतात. हिंदी सिनेमातलं ‘माँ’ म्हणता येणाऱ्याला त्यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. इंग्रजीत शब्दातल्या एकाच ठिकाणी जोर द्यायचा आणि बाकीची अक्षरं गिळायची अशी रीत आहे. फ्रेंचमध्ये तसं नाही, मराठीतही नाही. आपल्याकडे नसलेलं थोडंच: घशातून येणारा र, आणि ओठ ‘ऊ’चे ठेवून जिभेने ‘ई’ म्हणायचा तो स्वर. हे दोन्ही इंग्रजांकडेही नाहीत.

व्याकरणाचंही तेच. वस्तूंना लिंग असतं ही कल्पना इंग्रजीतून येणाऱ्याला विचित्र वाटते. आपण तीन लिंगं सांभाळतो, तिथे दोनच आहेत. ‘तु’ आणि ‘वू’ हा भेद समजावताना इंग्रजी पाठ्यपुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला एक ओळ पुरते: तू आणि तुम्ही. अनेकवचनही तेच आणि आदरही तोच. आपण अरे-तुरे करतो, अहो-जाहो करतो. फ्रेंचमध्येही या दोन्हींसाठी स्वतंत्र क्रियापदं आहेत. फक्त सीमारेषा कुठे पडते ते पाहून घ्यावं लागतं. तिथे कचेरीतले सहकारी पुष्कळदा लवकर ‘तु’वर येतात, पण दुकानदाराशी, अनोळखी प्रौढाशी ‘वू’ म्हणजे ‘वू’. गल्ल्यावरचा मुलगा वयाने लहान दिसला म्हणून त्याला ‘तु’ करणारं गिऱ्हाईक उर्मट ठरतं.

आता गावठी जिभेकडे येऊ. आमच्या भागातल्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी, जळगावचं जयगाव. यावरून आमच्या मुलांना पुण्या-मुंबईत किती टोमणे खावे लागतात ते सांगायला नको. पण ज्या भाषेच्या नावाने त्यांना भीती घातली जाते, त्या भाषेत काय घडलं ते पाहा. ‘मुलगी’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आज ‘फीय’ असा उच्चारतात. पूर्वी त्यात ‘ल्य’सारखा मऊ ल होता. पॅरिसच्या सामान्य वस्त्यांमधले लोक त्याचा य करू लागले आणि व्याकरणकार संतापले. एमिल लित्रे या पंडिताने १८६३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या प्रचंड शब्दकोशात अशा शब्दांपुढे बजावून ठेवलं, की इथे मऊ ल म्हणा, य म्हणू नका. कोणी ऐकलं नाही. आज अख्खा फ्रान्स ‘फीय’, ‘फामीय’, ‘मार्सेय’ म्हणतो आणि लित्रेची सूचना फक्त भाषेचे अभ्यासक वाचतात. ‘राजा’ या अर्थाच्या शब्दाचीही तीच कथा. दरबारी तोंडात ‘र्वे’ होतं, पॅरिसच्या रस्त्यावर ‘र्वा’; १७८९ च्या क्रांतीनंतर रस्त्याचा उच्चार प्रतिष्ठित झाला. म्हणजे ज्याला आपण नाजूक, शिष्ट फ्रेंच म्हणतो त्यात बाजारातल्या माणसांचा उच्चार भरपूर मुरलेला आहे. ल जाऊन य आला म्हणून पॅरिसला कोणी गावठी म्हणत नाही. असोद्याला म्हणतात.

आणि असोद्याला म्हणावं यासारखा विनोद नाही. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये इथेच जन्मल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. कविता त्यांनी घरच्या बोलीत रचल्या, दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पाटीवर त्या बोलीचा गौरव करायचा आणि वर्गात तीच बोलणाऱ्या मुलाला ‘आधी शुद्ध बोलायला शिक’ म्हणायचं, हे कोणत्या न्यायाने?

फ्रेंचांनी मराठीकडे कसं पाहिलं तेही या निमित्ताने सांगायला हवं. मराठीच्या जडणघडणीवरचा पायाभूत ग्रंथ झ्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने लिहिला. पुण्यात स्थायिक झालेल्या गी पॉयतवाँ यांनी हेमा राईरकर यांच्यासोबत खेड्यापाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायकांना शुद्ध मराठीची अट कोणी घातली नव्हती.

फ्रेंच बोलताना गावाकडचा हेल राहिला तर? राहू द्या. भाषेच्या ए-१ ते सी-२ या पायऱ्या ठरवणाऱ्या युरोप परिषदेच्या आराखड्यात २०१८ मध्ये उच्चारांचे निकष नव्याने लिहिले गेले. सी-१ इतक्या वरच्या पायरीवरसुद्धा मातृभाषेची छटा जाणवली तर चालते, बोलणं समजायला अडथळा नको, एवढीच अपेक्षा त्यात आहे.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्गात शिकवलेली फ्रेंच लिहिण्याची असते. पुस्तक सांगतं, ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘ज न से पा’. रस्त्यावर ऐकू येतं ‘शे पा’. ‘आम्ही जातो’ला पुस्तकात ‘नूझालों’, बोलताना ‘ऑं वा’. हा आळस नाही, अशुद्धही नाही. आपण तरी ‘काय करीत आहेस’ कुठे म्हणतो? ‘काय करतोयस’ म्हणतो. रोज फ्रेंच रेडिओवरच्या थोड्या गप्पागोष्टी ऐकणं आणि ऐकलेलं मोठ्याने म्हणणं याला पर्याय नाही. नियमांच्या वह्या भरून हे कानात बसत नाही.

भाषेसारखेच ती बोलणाऱ्यांबद्दलही गैरसमज आहेत. फ्रेंच लोक उद्धट असतात, हा प्रवाशांनी पसरवलेला समज. बेकरीत शिरून थेट पाव मागितला तर समोरचा तुटकच वागणार, कारण ‘बोंजूर’ राहिलं. रामराम न घालता ‘अमक्याचं घर कुठंय’ विचारणाऱ्याला आपल्या गावातही कोणी प्रेमाने उत्तर देत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसताना, लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा ‘बोंजूर’ म्हणायचं. मात्र त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा ‘बोंजूर’ म्हटलंत तर मघाशी त्याच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं असं त्याला वाटू शकतं.

बोलणं मध्येच तोडतात, हीदेखील तक्रार असते. मानववंशशास्त्रज्ञ रेमोंद कारोल यांनी १९८७ च्या पुस्तकात फ्रेंच आणि अमेरिकन गप्पांची तुलना केली आहे. मध्ये बोलणं ही फ्रेंच गप्पांत रस असल्याची खूण, असं त्या दाखवतात. पारावर बसलेल्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. उलट शाळेतल्या इंग्रजीने आपल्याला लावलेली, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहण्याची शिस्त फ्रेंच गप्पांत थंडपणा वाटू शकते.

बाकीचे समज थोडक्यात. फ्रेंच म्हणजे फ्रान्स, हे चूक: फ्रँकोफोनी संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगात ३२ कोटींच्या आसपास फ्रेंच भाषक आहेत आणि रोज फ्रेंच वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. कॅनडातली फ्रेंच ‘बिघडलेली’, हेही चूक; तिथे जायचं असेल तर तीच ऐका. १६३५ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच अकादमी लोकांचं बोलणं ठरवते म्हणतात. पण फ्रान्समध्ये शनिवार-रविवारसाठी सगळे इंग्रजी ‘वीकेन्ड’च म्हणतात. ऐंशीला ‘चार वीस’ म्हणणारे आकडे वेडगळ वाटतात. ‘चार विसा’ मोजणाऱ्या आजीला विचारा.

राहिला बारावीतल्या गुणांचा भ्रम. फ्रेंचमध्ये नव्वदच्या पुढे गुण मिळाले म्हणजे बोलता येतं, असं नाही; तो विषय पुष्कळजण गुणांसाठीच घेतात आणि तसाच सोडतात. फ्रेंच भाषेच्या डेल्फ या परीक्षेत १०० पैकी २५ गुण तोंडीला असतात, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० हवेत, आणि कुठल्याही विभागात ५ च्या खाली गेलं तर बाकीचे कितीही असले तरी नापास. तोंडीला घाबरून इंग्रजीत दिलेल्या उत्तराला तिथे काही मिळत नाही. जळगावी हेल काढून फ्रेंचमध्ये दिलेल्या उत्तराला मिळतं.