सुरबहारच्या टेपची वंशावळ

अन्नपूर्णादेवींनी स्वतःहून एकही ध्वनिमुद्रिका काढली नाही. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही कन्या १९५०च्या दशकातच जाहीर मैफलींपासून दूर झाली. पुढे मुंबईच्या घरात बसून त्यांनी हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारखे शिष्य घडवले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. तरीही त्यांच्या सुरबहारवरचे मांझ खमाज आणि कौशी कानडा, तसंच रविशंकरांसोबतचा यमन कल्याण रसिकांमध्ये हातोहात फिरत राहिले: स्पूलवरून कॅसेटवर, तिथून सीडीवर आणि आता फोनवर. पाळी संपवून चाकणहून पिंपरीकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्येही ते ऐकता येतात.

ही मुद्रणं आली कुठून? सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत अशी: सभागृह खच्चून भरलं, म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावला आणि त्याच्यासमोर कुणीतरी चोरून टेप केलं. हकीकत सुरस आहे, म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. तपासाची साधनं टेपमध्येच असतात.

पहिलं साधन खर्जाचं. सुरबहार सतारीपेक्षा खालच्या स्वरात लागतं आणि त्याचं वैभव मंद्र सप्तकातल्या आलापीत असतं. सभेत लावतात तो कर्णा हे खालचे स्वर गिळून टाकतो. तेव्हा मुद्रणात खर्ज भरदार उमटला असेल, तर कर्ण्याची गोष्ट मागे पडते. टाळ्याही बोलतात. श्रोत्यांत ठेवलेल्या यंत्रावर त्या वाद्यावर मात करतात, मंचावरच्या माइकवर दूर राहतात.

दुसरं साधन विजेच्या गुणगुणीचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या यंत्रांतून तिची बारीक घुमणी टेपवर उतरते. ती ५३ हर्ट्झवर सापडली, तर टेप सुमारे सहा टक्के जलद चालली आहे आणि काळी एकचा षड्ज पांढरी दोनला जाऊन बसला आहे, हे कळतं. मग वेग सुधारून मूळ पट्टी गाठता येते. प्रत्येक कॉपी आपलीही घुमणी वर चढवू शकते. असे थर वेगळे काढता आले, तर मुद्रण किमान किती हातांतून गेलं, याचा अंदाज लागतो.

पण यंत्र कुणाचं, सभागृह कुठलं, हे घुमणी सांगत नाही. त्यासाठी नोंदच लागते. बीटल्सचं उदाहरण बोलकं आहे. जानेवारी १९६९मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत त्यांच्या तालमींचं चित्रीकरण चालू असताना नाग्रा यंत्रांवर आवाज टिपला जात होता. पुढे ते स्पूल चोरीला गेले, चोरट्या तबकड्या निघाल्या आणि २००३मध्ये पोलिसांनी सुमारे ५०० स्पूल नेदरलँड्समध्ये पकडले. चित्रीकरणात रोलचे नंबर पुकारले जात होते, म्हणूनच अभ्यासकांना त्या तालमींचा दिवसवार क्रम लावता आला. 

नोंदीची अशी शिस्त कारखान्यातही असते. चाकणच्या एमआयडीसीत ब्रेकच्या लहानशा भागावरही बॅच नंबर कोरलेला असतो. भाग बिघडला, तर कोणत्या पाळीत, कोणत्या मशिनवर, कोणत्या मालातून तो निघाला, हे शोधता येतं. एका थोर वादकाच्या मोजक्या मुद्रणांसाठी आपण एवढंही केलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे अजूनही करता येईल. ज्यांच्या माळ्यावर जुने स्पूल किंवा कॅसेट आहेत, त्यांनी ते कुणाकडून, कोणत्या साली, कोणत्या यंत्रावरून उतरवून घेतले, हे लिहून ठेवावं आणि पुढे देताना ती चिठ्ठी सोबत द्यावी. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहावं. आणि चिठ्ठीची पहिली ओळ ही असावी: वादकाने हे मुद्रण प्रसिद्ध करायला दिलेलं नाही.