दंडावरचा सेन्सर, सरकारी पैसा आणि काशीदची एक रात्र

(आजच्या भागाचं लिखित रूप. घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर त्यांना नक्की पाठवा.)

काशीद म्हटलं की काय आठवतं? पांढरी वाळू, सुरूची झाडं, शनिवार-रविवारची गर्दी. आज आपण सोमवारच्या काशीदला जाऊ. पर्यटक परतलेत. समजा, गावातल्या एका घरात तेरा वर्षांची मुलगी झोपलीय आणि तिला टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, रोज टोचूनच घ्यावं लागतं. रात्री दोनला तिची साखर एकदम उतरली, तर कळणार कसं? आई गजर लावून उठेल, मुलीचं बोट टोचेल, तेव्हा. आणि हे रोज रात्री.

आता हेच काम करणारं एक यंत्र आहे. सीजीएम, म्हणजे साखर सतत मोजणारा सेन्सर.

हे चालतं कसं?

नाण्याएवढी चकती दंडाला चिकटवतात. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. हा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, म्हणून अंगात लक्षणं वेगळी आणि आकडा वेगळा दिसला तर बोट टोचून खात्री करायची.

ग्लुकोमीटर सांगतो, 'आत्ता ११०.' सेन्सर सांगतो, '११० आहे, पण झपाट्याने खाली चाललीय.' तो बाण महत्त्वाचा. साखर ७० च्या खाली गेली की फोन वाजतो. सेन्सर फोनशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे घरात नेटवर्क नसलं तरी उशाशी ठेवलेला फोन वाजेल. मुलगी अलिबागला क्लासला गेली आणि आईला घरबसल्या आकडा बघायचा असेल, तर मात्र दोन्हीकडे डेटा लागतो.

मग अडतं कुठे?

पैशावर. आपल्याकडे जास्त दिसणारा सेन्सर १४ दिवस चालतो आणि साधारण साडेचार ते पाच हजारांना पडतो. वर्षाला २६ सेन्सर लागतात. हिशोब करा, सव्वा लाखाच्या आसपास. ज्या घरात मोसमात खानावळ आणि दोन खोल्या भाड्याने देऊन पैसा येतो आणि पावसाळ्यात सगळं थंड असतं, तिथे हा खर्च कसा झेपणार?

'पण सरकारी योजना आहेत ना?' आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तिचा सांगाडा दवाखान्यात भरती होण्याभोवती बांधलेला आहे. घरी रोज लागणारा सेन्सर त्यात बसत नाही.

दुसरी बाजू असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची. तो २०१० मध्ये सुरू झाला. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, आरोग्य केंद्रात साखर तपासतात. फार मोलाचं काम आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. पण ही घरोघरची तपासणी ३० वर्षांपुढच्यांसाठी आखलेली आहे. आपली तेरा वर्षांची मुलगी त्या फॉर्ममध्ये येतच नाही.

म्हणजे बघा, साखर उतरून ती बेशुद्ध पडली, भरती झाली, तर पैशाची वाट निघू शकते. ती बेशुद्ध पडू नये म्हणून जे लागतं, त्याला वाट नाही.

कुणी करून दाखवलंय का?

हो, आणि आपल्याच देशात. केरळ सरकारने २०१८ मध्ये टाइप वनच्या मुलांसाठी 'मिठायी' योजना सुरू केली. सामाजिक सुरक्षा मिशनमार्फत मुलांना इन्सुलिन, पेन, पट्ट्या मिळतात. निवडक मुलांना सीजीएम आणि पंपसुद्धा.

इंग्लंडमध्येही हे एका दिवसात झालं नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात एनएचएसच्या यादीत सेन्सर आला, पण कुठल्या भागात राहता यावर तो मिळणं ठरायचं. एप्रिल २०१९ पासून ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना देशभर मिळू लागला. मार्च २०२२ मध्ये टाइप वनच्या सगळ्यांना सीजीएम द्यावं अशी अधिकृत शिफारस आली.

यातून घ्यायचं काय? १० कोटी लोकांना सेन्सर द्या, असं कुणी म्हणत नाही. गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना त्याची रोज गरजही नसते. सुरुवात टाइप वनच्या मुलांपासून करा. तेही परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातून वर्षातून दोनदा १४ दिवसांचा सेन्सर लावा. डॉक्टरांना रात्रीचा आलेख दिसेल, इन्सुलिनचा डोस नीट बसवता येईल.

तोवर आपण काय करायचं?

एक: मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मुलाचं नाव नोंदवा, इन्सुलिन आणि पट्ट्यांबद्दल स्पष्ट विचारा. पट्टी साधारण वीस रुपयांची. दिवसाला चार म्हटल्या तरी महिन्याला चोवीसशे. तेवढं वाचलं तरी खूप.

दोन: रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागणी द्या. ग्रामसभेत विषय मांडा. तोंडी मागणीची नोंद राहत नाही.

तीन: साखर ७० च्या खाली आणि मूल शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

चार: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कितीतरी दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन कोरड्या डबीत घालून मातीच्या माठात ठेवा. पाण्यात बुडवू नका, बर्फाला टेकवू नका.

त्या काशीदच्या आईला कुणी फुकट गॅजेट द्या असं मी म्हणत नाहीये. तिला रात्रभर झोप मिळावी आणि सकाळी मुलगी शाळेत जावी, एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात टाइप वनचं कुणी असेल, तर त्यांना पट्ट्या कुठून मिळतात हे आम्हाला व्हॉइस नोट करून कळवा. पुढच्या भागात भेटूच!