पडद्यावरचा डाग, पडद्यामागचं कारण

अमेरिकेतल्या घरांच्या तळघरांत आजही काही अवाढव्य रिअर प्रोजेक्शन टीव्ही चालू आहेत. मित्सुबिशीने २०१२च्या अखेरीस हे टीव्ही बनवणं थांबवलं, त्यामुळे आता नवे सुटे भाग मिळणं कठीण. या टीव्हीत चित्र आतून आरशावर पडतं आणि तिथून पडद्याच्या पाठीवर. तरीही बिघाड दिसला की दोष पडद्यालाच दिला जातो.

गैरसमज : पडदा काचेचा आहे, काच पुसायचं लिक्विड चालेल.
वस्तुस्थिती : बहुतेक पडदे अ‍ॅक्रिलिकचे असतात. आत फ्रेनेल भिंग, त्यापुढे बारीक उभ्या रेघांचा लेंटिक्युलर थर आणि काही मॉडेलांत सर्वांत पुढे गुळगुळीत संरक्षक पत्रा. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या लिक्विडने अ‍ॅक्रिलिक धुरकट होतं, त्याला बारीक तडे जातात. मऊ मायक्रोफायबर कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळावं आणि न दाबता रेघांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, फिरवावं. पडद्यावर थेट फवारा मारू नये.

गैरसमज : टूथपेस्टने ओरखडा जातो.
वस्तुस्थिती : टूथपेस्ट घासून काढते. लेंटिक्युलर थराच्या रेघा एकदा झिजल्या की तिथे कायमचा पट्टा दिसतो. प्लास्टिक पॉलिश वापरायचंच तर फक्त गुळगुळीत पत्र्यावर, तेही त्यावर चकाकी रोखणारा लेप नसेल तरच. खोल ओरखड्यावर उपाय एकच : त्याच मॉडेलच्या भंगारातल्या टीव्हीचा थर.

गैरसमज : चॅनेलचा लोगो पडद्यावर उमटलाय, पडदा बदला.
वस्तुस्थिती : जुन्या टीव्हीत लाल, हिरवी, निळी अशा तीन पिक्चर ट्यूब असतात. एकाच जागी स्थिर चित्र राहिलं की ट्यूबमधला फॉस्फर, म्हणजे प्रकाश देणारा थर, तिथे जास्त झिजतो. ही झीज भरून येत नाही. कॉन्ट्रास्ट आधीपासून कमी ठेवला तर ती मंदावते. डीएलपी टीव्हीत ट्यूबऐवजी सूक्ष्म आरशांची चिप चित्र घडवते, त्यामुळे फॉस्फरच नसतो. तिथे पांढरे ठिपके दिसले तर चिपवरचे काही आरसे अडकलेले असतात.

गैरसमज : चित्र धूसर झालं, म्हणजे पडदा म्हातारा झाला.
वस्तुस्थिती : ट्यूब आणि भिंगामधला शीतक द्रव गढूळ होतो, आरशावर धूळ बसते, डीएलपीचा दिवा मंदावतो. ट्यूबच्या टीव्हीत चित्रातल्या कडांना रंगीत झालर आली तर आधी कन्व्हर्जन्सची, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं जुळवण्याची, सेटिंग तपासावी. आरशाचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, म्हणून तो घासू नये. हवेच्या फुग्याने धूळ उडवावी.

गैरसमज : प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ते काम जाणकारावरच सोपवावं. काढून ठेवलेलं फ्रेनेल भिंग उन्हात ठेवू नये. एकवटलेल्या किरणांनी आग लागू शकते.

पडदा मागवण्याआधी टीव्ही बंद करून तिरक्या कोनातून टॉर्च मारा. डाग तेव्हाही दिसला तर दोष बहुधा पडद्यात आहे. फक्त चित्र चालू असतानाच दिसत असेल, तर पडद्यावर पैसे घालवू नका.